डायबेटिसची अंगावर वागवायची उपकरणं: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची वेंगुर्ल्याची. प्रॉडक्ट डिझाइनचं काम करते, त्यातही डायबेटिसच्या रुग्णांना अंगावर वागवाव्या लागणाऱ्या वस्तूंचं: सेन्सरची पट्टी, इन्सुलिन पंपाची पिशवी, चपला. आईला बारा वर्षं इन्सुलिन चालू आहे, त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक घरातच मिळालं. कुडाळ, मालवण, देवगड, रत्नागिरी, पेडणे अशा बाजूंनी लोक फोन करतात आणि साधारण तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. गोळी बदलायची का, इन्सुलिन किती युनिट घ्यायचं, हे इथे मिळणार नाही. ते डॉक्टरांचं काम.

दंडावर लावतात ते गोल बटण म्हणजे नेमकं काय?

सतत साखर मोजणारा सेन्सर. डॉक्टर त्याला सीजीएम म्हणतात. आपल्याकडे जास्त दिसतो तो पाण्याच्या बाटलीच्या झाकणापेक्षा किंचित मोठा आणि बराच चपटा असतो: व्यास साधारण साडेतीन सेंटीमीटर, जाडी अर्धा सेंटीमीटर. खालून एक मऊ, बारीक तार त्वचेखाली जेमतेम अर्धा सेंटीमीटर जाते आणि चौदा दिवस तिथेच राहते. ती रक्तात नसते. पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजते. साखर आधी रक्तात वाढते, मग त्या द्रवात. म्हणून सेन्सरचा आकडा पाच ते पंधरा मिनिटं मागे चालतो. ही एक गोष्ट लक्षात राहिली तर निम्मे गैरसमज मिटतात.

सुई दुखते का?

मुंगी चावल्याइतकी. सुई आत जाते, तार सोडते आणि लगेच परत येते. लोक दचकतात ते लावायच्या यंत्राच्या 'टक्क' आवाजाला. आतली स्प्रिंग सुटते तेव्हा आई दर वेळी डोळे मिटून रामरक्षा पुटपुटते, आणि मग म्हणते, "झाला?" तो आवाज कमी करणं डिझाइनरच्या हातात आहे, पण पूर्ण घालवूही नये. लागलं की नाही हे माणसाला कळायला हवं.

घड्याळातून, अंगठीतून साखर कळते म्हणतात. सुई न टोचता?

नाही. बाजारात दोन-तीन हजारांची घड्याळं 'साखर मोजणारी' म्हणून विकली जातात, ती घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना उघड इशारा दिला की त्वचेला न टोचता साखर सांगणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा स्मार्ट अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. खऱ्या सेन्सरचा आकडा घड्याळाच्या पडद्यावर *दिसतो*, ती गोष्ट वेगळी. तिथे मोजणारा दंडावरच बसलेला असतो.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ग्लुकोवॉच नावाचं घड्याळ २००१ साली अमेरिकेत मान्य झालं होतं. ते मनगटावर हलका विजेचा प्रवाह सोडून त्वचेतून द्रव ओढायचं. कातडी लाल व्हायची, खाज सुटायची, सुरू व्हायलाच दोन-तीन तास लागायचे. आणि घाम आला की ते आकडा द्यायचंच नाही. काही वर्षांत ते बाजारातून गेलं. मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण मुद्दाम सांगते. घाम आला की गप्प बसणारं घड्याळ मे महिन्यात मालवणात कोणाला द्याल? आणि गंमत म्हणजे साखर फार उतरली की माणसाला घामच फुटतो. ज्या क्षणी त्याची गरज, त्याच क्षणी ते मुकं.

'वापरायला छान वाटणं' ही चैन नाही का? आधी अचूक तर असू दे.

हा प्रश्न बहुतेक डॉक्टर विचारतात, आणि त्यांचा राग येत नाही. अचूकता हवीच. बोटाच्या ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे मानक आहे: साखर १०० च्या खाली असेल तर ±१५ मिलिग्रॅम (दर डेसीलिटरला), १०० आणि वर ±१५ टक्के, आणि शंभरातले ९५ आकडे या हद्दीत यायला हवेत. पण यंत्र वापरात आहे असं हे मानक धरून चालतं.

आईचा पहिला सेन्सर अगदी अचूक होता. चौथ्या दिवशी तिने तो ओढून काढला आणि सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवून दिला. दहा दिवसांचे पैसे डब्यात. दुखत होतं का विचारलं तर नाही म्हणाली. मग? "माका नको तां. जो तो इचारता, काय झालां म्हणान." हळदीकुंकवाला गेली होती, तिथे बाहीखालून दिसला. शिवाय ब्लाउज काढताना दोनदा अडकला होता. यातलं काहीच कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी काहीच डिझाइन केलं नाही. आईच आमच्या शिंप्याकडे गेली आणि चार ब्लाउजांच्या बाह्या दोन बोटं लांब, थोड्या सैल करून आली. तो सेन्सर चौदा दिवस टिकला. एवढी वर्षं स्केचबुकं भरवली, पण आजवर सर्वांत यशस्वी ठरलेलं डिझाइन शिंप्याचं आहे, हे कबूल करायला हवं.

घामात आणि पावसात पट्टी टिकते का?

नीट लावली तर टिकते. पण 'नीट' म्हणजे काय ते कोकणाला वेगळं सांगावं लागतं, कारण खोक्यातल्या सूचना कोरड्या हवेतल्या माणसाने लिहिलेल्या असतात.

एका जूनमध्ये मी कुडाळच्या साइनबोर्डवाल्याकडून ॲक्रिलिकच्या साडेतीन सेंटीमीटरच्या चकत्या कापून घेतल्या, खाली वैद्यकीय चिकटपट्टी लावली आणि दंडाला चिकटवून फिरले. आत तार नाही, नुसता देह सेन्सरचा. पहिली चकती तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर गळून पडली. कारण शोधायला फार अक्कल लागली नाही: आंघोळीनंतर अंगाला खोबरेल लावायची लहानपणापासूनची सवय. तेलाचा पातळ थर हातावर होताच.

दुसरी चकती सहा दिवस राहिली. तिची कड आधी वळली, मग वळलेल्या कडेला कापसाचे तंतू आणि धूळ चिकटून काळी किनार झाली, आणि शेवटी बाहीने ती ओढली. पट्टी मधून सुटत नाही, कडेपासून सुटते. चौकोनी असेल तर कोपऱ्यापासून. म्हणून कड गोल हवी, काठाशी पातळ होत जाणारी हवी, आणि पट्टीचं कापड हवा खेळू देणारं हवं. घामाला बाहेर जायला वाट नसेल तर तो गोंदाखालीच तळं करतो.

तिसरी पूर्ण चौदा दिवस टिकली. तिच्या वेळी काय केलं ते सांगते. आदल्या दिवसापासून दंडाला तेल नाही. साध्या साबणाने धुतलं. मलईवाला साबण नको, त्याचा थर राहतो. पुसून दहा मिनिटं पंख्याखाली बसले, कारण गरम पाण्याच्या आंघोळीनंतर अंग पुसलं तरी आतून घाम येतच राहतो. मग स्पिरिटचा बोळा, तो *पूर्ण* वाळू दिला. पट्टी लावून तळहाताने मिनिटभर दाबून धरली आणि पुढचा तासभर अंगमेहनतीचं काम केलं नाही. हा गोंद दाबाने आणि वेळाने घट्ट होतो, लावल्या लावल्या त्याची पूर्ण पकड नसते. विहिरीवर जायचं असेल तर आधी जाऊन या, मग लावा.

वरून आणखी एक पट्टी लावता येते. मात्र सेन्सरच्या मधोमध बारीक भोक असेल तर ते झाकू नका.

आणि काढताना? तेव्हा तेच खोबरेल कामाला येतं. कडेने थोडं तेल सोडा, पाच मिनिटं थांबा, हळूहळू सोलत या. कातडी ओढली जात नाही.

पट्टीखाली खाज येते, पुरळ उठतं. घामोळं असेल का?

घामोळं असेल तर दोन दिवसांत बसतं. पट्टीच्या आकाराचं, काठ स्पष्ट असलेलं लाल वर्तुळ उठत असेल तर गोंदाची ॲलर्जी असू शकते. काही सेन्सरांमधल्या आयसोबॉर्निल ॲक्रिलेट या द्रव्याने अशी ॲलर्जी होते, हे त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये नोंदवलं. त्यानंतर काही कंपन्यांनी ते द्रव्य काढून टाकलं. पुरळावर टाल्कम पावडर टाकून पुन्हा तिथेच सेन्सर लावू नका. हात बदला, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आम्ही रापणीवर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला) जातो, छातीभर पाण्यात उभे राहतो. चालेल?

बरेचसे सेन्सर एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास पाण्यात चालतात. रापण अर्ध्या तासात ओढून होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पाण्यापेक्षा दोराची भीती जास्त. ओढताना दोर दंडाच्या मागून घासत जातो, नेमका सेन्सरच्या जागेवरून. दोर ज्या बाजूने घेता त्याच्या उलट्या हाताला सेन्सर लावा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा आणि टॉवेल टिपून घ्या, चोळू नका. वाळलेलं मीठ पट्टीच्या काठाशी रवाळ होतं आणि खरखरतं.

डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायला जाणाऱ्या बायकांचं वेगळं आहे. चुंबळीवरची टोपली सावरायला ज्याचा हात वर, त्या हाताची कातडी दर पावलाला ताणते. त्यांनी खालच्या हाताला लावावा.

झोपेत साखर एकदम ५५ दाखवते, उठून बोटातून बघितलं तर ११०. सेन्सर बिघडला?

बहुधा तुम्ही त्या कुशीवर झोपला होता. दाबामुळे तारेभोवतीचा द्रव हलतो आणि आकडा खोटा उतरतो. कूस बदलली की थोड्या वेळाने ठिकाणावर येतो. ओळखीतल्या एका दशावतारी कलाकाराला हाच प्रकार जागेपणी व्हायचा. राजाची भूमिका, दंडावर घट्ट भुजबंद, खाली सेन्सर. ऐन युद्धाच्या प्रवेशात साखर 'उतरायची'. भुजबंद कोपराकडे दोन इंच सरकवला, प्रश्न मिटला. राजा थोडा वेगळा दिसतो, पण प्रेक्षकांनी अजून तक्रार केलेली नाही.

सेन्सर लावला की बोट टोचायची कटकट कायमची सुटते का?

बरीच सुटते, कायमची नाही. पहिल्या दिवशी, आकडा आणि अंगाला जाणवणं जुळत नसेल तेव्हा, किंवा साखर वेगाने चढत-उतरत असेल तेव्हा बोटातून खात्री करा. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही सेन्सर आकडा वाढवून दाखवतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

बोटाबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल-मे महिन्यात फोन येतो: "आंबा खाल्ला नाही, फक्त कापून दिला पाहुण्यांना, तरी साखर ३०० च्या वर!" बोटाला हापूसचा रस लागलेला असतो. मीटर रक्ताबरोबर तोही मोजतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तो पुरता जात नाही. साबण-पाण्याने धुऊन, कोरडं करून मग टोचा. फणस, काजूचं बोंडू, गूळ, सगळ्याला हाच नियम. नुसत्या अशा आकड्यावर कुणी जादा इन्सुलिन घेतलं तर काय होईल याचा विचार करून माझ्या पोटात गोळा येतो.

काजू सोलणाऱ्या बायकांचा त्रास वेगळा. टरफलातल्या चिकाने बोटांची कातडी काळी आणि राठ झालेली असते, टोचायची सुई लागतच नाही. त्यांनी बोटाच्या मधल्या गादीऐवजी कडेला टोचावं, तिथे कातडी पातळ असते आणि दुखतंही कमी. सतत मोजणाऱ्या सेन्सरची खरी गरज मला अशा हातांना वाटते.

अलार्म कसा असावा? रात्री सगळं घर उठतं.

अलार्म दोन प्रकारच्या चुका करतो. एक, नको तेव्हा वाजतो; दुसरी, हवा तेव्हा ऐकू येत नाही. पहिली चूक दुसरीला जन्म देते. जेवणानंतर साखर १८० ओलांडली म्हणून दर वेळी कोकलणारा फोन माणूस तिसऱ्या दिवशी मुका करतो, आणि मग पहाटे तीनला साखर ५० वर आली तरी तो मुकाच राहतो.

माझं मत ठाम आहे: कमी साखरेचा आवाज आणि जास्त साखरेचा आवाज एकाच घराण्यातले नसावेत. साखर ७० च्या खाली म्हणजे आत्ता, या क्षणी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. ५४ च्या खाली म्हणजे दुसऱ्या कुणीतरी मदतीला यावं. साखर २२० झाली म्हणून रात्री दोनला काय करायचं? बहुतेकांनी काहीच नाही. मग त्यासाठी झोपेतून का उठवता? (ज्यांना डॉक्टरांनी तसं सांगितलंय ते अपवाद.)

नुसत्या आवाजावरही भिस्त नको. आमच्याकडे जत्रेची रात्र म्हणजे हार्मोनियम, मृदंग, झांज आणि वर लाउडस्पीकर. पावसाळ्यात पत्र्यावरचा आवाज. फोन बिचारा पिशवीत. अशा वेळी मनगटावरची थरथर कळते. ती कमी साखरेसाठी लांब-लांब आणि थांबून-थांबून असावी, व्हॉट्सॲपच्या मेसेजसारखी नको. आणि आपल्या फोनवरच्या अलार्मला मुलाच्या, सुनेच्या फोनवर जायची सोय असेल तर ती चालू करण्याआधी त्या व्यक्तीशी बोला. मुंबईत लोकलमध्ये उभ्या असलेल्या मुलाला गावातल्या आईची साखर ६२ दिसते आणि तो काहीच करू शकत नाही, ही शिक्षा दोघांनाही आहे. शेजारच्या काकूंचा नंबर जास्त उपयोगाचा.

पडद्यावर काय दिसावं?

आकडा मोठा, बाण त्याहून स्पष्ट. १२० आणि खाली जाणारा बाण, १२० आणि वर जाणारा बाण, या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

डोळ्यांच्या पडद्यावर डायबेटिसचा परिणाम झालेली माणसं हेच वापरणार, तेव्हा राखाडीवर राखाडी अक्षरं हा गुन्हा समजावा. आकडे देवनागरी की इंग्रजी? मला वाटायचं अर्थात देवनागरी. आईला विचारलं. ती तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर देवनागरीत वाचते, पण फोन नंबर इंग्रजीतच लावते. फोनच्या पडद्यावर देवनागरी ५ आणि ६ तिला दचकायला लावतात. एकाच बाईच्या दोन सवयी. म्हणून निवड तिच्याकडे ठेवा.

लाल रंगाचं काय करायचं? सगळीकडे 'जास्त' म्हणजे लाल. आईला तो शाळेतल्या बाईंच्या लाल पेनसारखा वाटतो, आणि लाल दिसणार असं वाटलं की ती आकडा वाचायला फोन सेन्सरजवळ नेतच नाही. आम्ही कागदावरच्या नमुन्यांत जास्त साखरेला गडद आमसुली रंग दिला आणि लाल फक्त धोकादायक कमी साखरेला ठेवला. मग ती बघायला लागली.

बघायला लागल्यावर मजा आली. तिची समजूत होती की सकाळची उकड्या तांदळाची पेज 'हलकी', म्हणून निर्धास्त. पेजेनंतर आलेख वर, आणि त्याच दिवशी दुपारी भाकरी, बांगड्याचं तिखलं आणि थोडाच भात खाल्ला तर त्याहून कमी. ती म्हणाली, "मासो काय्येक करणा नाय, बघलंस?" एका माणसाच्या एका दिवसावरून नियम करू नका; पण स्वतःच्या जेवणाचा आलेख स्वतः पाहिल्यावर जे पटतं ते कुणी सांगून पटत नाही.

दिवसाचा निकाल एका आकड्यात हवा असेल तर 'हद्दीतला वेळ' दाखवा: दिवसातला किती वेळ साखर ७० ते १८० मध्ये होती. बहुतेक प्रौढांसाठी ७० टक्क्यांहून जास्त, वयस्कर आणि नाजूक तब्येतीच्यांसाठी ५० टक्क्यांहून जास्त हे २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीतलं उद्दिष्ट आहे. म्हणजे चुकायला जागा ठेवलेली आहे. गणपतीतल्या उकडीच्या मोदकांची जागा त्यात धरता येते.

मुलगा बारा वर्षांचा आहे, टाइप १ (इन्सुलिनशिवाय चालत नाही असा) डायबेटिस. शाळेत चिडवतात.

आमच्या वाडीतल्या मुलाने सेन्सरला नाव ठेवलंय 'गोचीड'. गाईला चिकटतो तसा. पहिल्यांदा ऐकून त्याच्या आईला रडू आलं. मला ते फार आवडलं, कारण नाव त्याने स्वतः ठेवलं. आता वर्गात कुणी विचारलं तर तो म्हणतो, "गोचीड आहे, रक्त पिऊन मार्क सांगतो." (रक्त पीत नाही, पण जाऊ दे.) मुलांच्या वस्तूंवर मोठ्यांनी आधीच कार्टून छापू नये. रिकामी जागा द्यावी. त्याने चौदा दिवसांत त्यावर स्केचपेनने पाय काढले, सहा नाही, आठ. गोचिडाला आठ असतात म्हणे. शाळेतल्या एका शिक्षकाला कमी साखरेची लक्षणं माहीत असणं मात्र स्टिकरपेक्षा महत्त्वाचं.

लाईट गेली, रेंज नाही, मग?

सेन्सरची बॅटरी त्याच्या आतच असते, तो मोजत राहतो. जवळ नेऊन 'स्कॅन' करायच्या प्रकाराला इंटरनेट लागत नाही, आणि कपड्यावरूनही स्कॅन होतो, एसटीत बाही वर करावी लागत नाही. आधीच्या काही प्रकारांत मात्र सेन्सर फक्त आठ तासांचे आकडे साठवतो. आठ तासांत एकदा स्कॅन केलं नाही तर मधला भाग जातो. फोन बंद पडला की आकडा बघता येत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. फोन चार्ज करायला लोक जनरेटर असलेल्या दुकानापुढे उभे होते. म्हणून माझा आग्रह: घरी साधा ग्लुकोमीटर आणि मुदतीतल्या पट्ट्या असू द्या, आणि डिझाइनरांनो, फोनशिवाय आकडा दाखवणारा वेगळा छोटा रीडर 'जुना झाला' म्हणून बंद करू नका. फ्रिज बंद असताना इन्सुलिन थंड ठेवायला ओल्या मातीच्या मडक्याची जुनी युक्ती चांगली आहे. उघडलेलं पेन किंवा कुपी तशीही साधारण चार आठवडेच वापरायची असते.

इन्सुलिन पंप कोकणात चालतील का?

चालतात, वापरणारे आहेत. पंप म्हणजे दिवसभर थोडं थोडं इन्सुलिन अंगात सोडणारं यंत्र. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या डॉ. आर्नल्ड कादिश यांनी बनवलेला पंप पाठीवरच्या सॅकएवढा होता. आता तो खिशात मावतो, आणि २०१६ पासून सेन्सरचा आकडा बघून स्वतःच इन्सुलिन कमी-जास्त करणारे पंपही आले. आपला मुख्य प्रश्न उन्हाचा आणि कपड्यांचा. पंपातलं इन्सुलिन अंगाच्या उबेला असतं, त्यात होडीवरचं ऊन. अंगाच्या बाजूने सुती आणि बाहेरून फिकट रंगाची पिशवी बरी पडते. साडीवाल्या बाईने पंप कुठे अडकवायचा याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. परकराच्या नाडीला शिवलेला खिसा हे त्यातल्या त्यात बरं.

चपलेलाही तुम्ही यात धरता?

धरते. उलट मला विचाराल तर कोकणात आधी चपलेचं बोला, मग सेन्सरचं. डायबेटिसने पायाच्या नसा बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही. आणि आपण खळ्यात अनवाणी, देवळात अनवाणी, शेतात चिखलात, तापलेल्या जांभ्यावर. दवाखान्यात १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा तंतू पायाला टेकवून विचारतात, कळलं का? दोन मिनिटांची तपासणी आहे, वर्षातून एकदा करून घ्याच.

अशा पायांसाठी एमसीआर म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला मिळतात. रबर उत्तम, रूप दयनीय. काळी, जाड, मागून पट्टा. बघताच कळतं की आजाऱ्याची चप्पल. एका आजोबांनी मला सांगितलं, "ती घालून देवळात गेलो की चोरीला जायची भीती नाही, एवढं बरं." ते घरात वापरायचे आणि बाहेर जाताना नेहमीची अंगठ्याची चप्पल. नेमकं उलटं हवं होतं! अंगठ्याच्या पट्ट्याने बोटांच्या बेचकीत घासतं, पावसाळ्यात तिथेच चिखल्या होतात, आणि बधिर पायाला ते समजत नाही.

पट्टा वेलक्रोचा असतो, कारण वाकायला नको. शहरात ठीक. इथे पहिल्या पावसात वेलक्रोच्या आकड्यांत चिखल आणि पुळणीवरची वाळू भरते, की पकड गेली. बक्कल लावायला बोटं साथ देत नाहीत. आम्ही सध्या मागून ताणणारा रबरी पट्टा आणि पुढे रुंद, शिवण नसलेला पट्टा असं करून बघतोय. तळ धुऊन दोन तासांत सुकावा म्हणून खाली चर ठेवलेत. रंग तांबूस तपकिरी, नेहमीच्या चामड्याच्या चपलेसारखा. आजोबांनी ती घालून बाजार केला. स्वयंपाकघरात चप्पल नको म्हणणाऱ्या घरांसाठी दुसरा, फक्त घरातला जोड ठेवा. सोवळ्याचा प्रश्न विचारला गेलाय, म्हणून लिहिते: नवीन, बाहेर कधीही न गेलेला जोड बहुतेक आज्यांनी चालवून घेतला.

इतका खर्च परवडत नाही.

खरंय. चौदा दिवसांचा एक सेन्सर काही हजारांना पडतो, आणि गोळ्यांवर असलेल्या प्रत्येकाला तो बारा महिने लागतही नाही. डॉक्टरांच्या भेटीआधी एकच लावून चौदा दिवसांचा आलेख दाखवणं हा मधला मार्ग अनेक जण निवडतात. देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस असल्याचं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आलं, आणि सर्वांत जास्त प्रमाण, २६.४ टक्के, शेजारच्या गोव्यात. एवढ्या लोकांसाठी वस्तू बनवताना किंमत हाही डिझाइनचाच भाग.

मी डिझाइनची विद्यार्थिनी आहे. सुरुवात कुठून करू?

चकती चिकटवून चौदा दिवस फिरण्यापासून. मग आयईसी ६२३६६ वाच, ते वापरसुलभतेचं मानक आहे, आणि त्वचेला टेकणाऱ्या सामानासाठी आयएसओ १०९९३. भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत; 'नुसता पट्टाच तर आहे' असं म्हणून सुटता येत नाही. आणि मुलाखत घेताना रुग्णाला 'आवडलं का' असं विचारू नकोस. आपल्याकडे पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. पाचव्या दिवशी न सांगता जा आणि वस्तू कुठे आहे ते बघ. अंगावर, की डब्यात.

तुम्ही सेन्सर विकता का? चपला?

सेन्सर नाही. चपलांचे अजून नमुनेच आहेत, विकण्याजोगे झाले की कळवीन. शिंप्याचं माप मात्र सर्रास मागतात, ते देते: सेन्सर लावलेल्या जागी दंडाचा घेर मोजा, त्यात एक इंच वाढवा, बाही कोपराच्या वर चार बोटांपर्यंत आणा, आतून मऊ मलमलचं अस्तर. जरीचा काठ आतल्या बाजूला दुमडू देऊ नका, तो पट्टीची कड खरवडतो.